आईला न विचारता

परवानगी मिळवण्यात संजीवचा हात धरणारा कुणी नव्हता. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावच्या मराठी बौद्ध मंडळाला परभणीकडच्या मुलींच्या वसतिगृहासाठी सुपरमार्केटच्या दाराशी निधी गोळा करायचा होता. पण इथे नुसता डबा घेऊन उभं राहायचीसुद्धा सोय नाही. वर्षातले बहुतेक आठवडे मोठमोठ्या संस्थांना आधीच वाटून दिलेले. संजीवने खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, हेलपाटे घालून मधला एक रिकामा आठवडा पदरात पाडून घेतला. सुपरमार्केटच्या मॅनेजरलाही पटवलं.

ऐन वेळी डबा धरायला ठरलेला मंडळातला विवेक तापाने आडवा झाला. डबा धरणाऱ्यांची नावं आधी कळवायची, अशी अट. कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, संजीवने सरळ आपल्या आईचं नाव देऊन टाकलं. साधनाताई तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या, घरात बसून कंटाळल्या होत्या. तेवढ्याच चार माणसांत मिसळतील, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली. शनिवारी त्याने त्यांच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि हातात सीलबंद डबा दिला. त्या डब्याकडे बघत राहिल्या. नाही म्हणाल्या नाहीत, आणि हा गडी तेवढ्यावरच खूश होऊन आपला डबा घेऊन मागच्या दाराशी गेला.

मग कॉफी घेऊन परत आला, तर आई भिंतीला चिकटून उभी. डबा पोटाशी आणि पैसे टाकायच्या फटीवर तळहात घट्ट दाबलेला. एक म्हातारी नाणं घेऊन समोर थांबली, तरी हात हलेना. बिचारी ओशाळून निघून गेली.

संजीवच्या लख्खकन ध्यानात आलं. त्याच्या आजीला, म्हणजे साधनाताईंच्या आईला, गावाची पडेल ती कामं करून वर दारोदार भाकरी मागत फिरावं लागायचं. धम्म घेतला त्या दिवशी तिने भाकरीची दुरडी चुलीत घातली. उपाशी राहा, पण कुणापुढे हात पसरू नका, असं पोरांना बजावलं. संजीवला हे ठाऊक नव्हतं थोडंच! एप्रिलमध्ये जयंतीला याच मंडळात माइकवरून सांगून त्याने टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हा आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. आणि आज त्याच आईला त्याने भर बाजारात उभं केलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आई, दे तो डबा," तो म्हणाला. "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

साधनाताईंनी डबा सोडला नाही.

"भाकरी मागायला जाशील का, असं तुझ्या आजीलाही कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

तेवढ्यात दारातून एक बाई पिशव्या सावरत बाहेर आली. साधनाताईंनी फटीवरचा हात काढला आणि लेकाच्या देखत डबा तिच्यापुढे धरला.