साखळी लावलेलं दार

आमची गाडी चोरीला गेली तेव्हा चोराने कुलूप तोडलं नाही, खिडकी फोडली नाही, की कशाला साधा ओरखडासुद्धा काढला नाही. किल्लीने घराचं दार उघडलं, दारातच खुंटीला टांगलेली गाडीची किल्ली घेतली, दार परत नीट लावलं आणि खाली जाऊन गाडी घेऊन गेला. घरात शिरताना मेल्याने बूटसुद्धा काढले असतील. जपान आहे, सांगता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाडीची किल्ली दारात टांगतं का कोणी? आम्ही टांगायचो. दोन हजार अकराच्या भूकंपाने आम्हाला शिकवलेलं शहाणपण होतं ते. त्या दिवशी मी ओजिमाला एका मैत्रिणीकडे गेले होते, नवरा, हरीश, टोकियोत ऑफिसात, आणि आमचा वरद नुकताच शाळेतून आलेला, नऊ वर्षांचा, घरात एकटा. ट्रेन बंद, फोन बंद. मी नद्यांवरचे पूल ओलांडत ग्योतोकुला, आमच्या घरापर्यंत, चालत आले. शेजारच्या आजी केव्हाच्या दार ठोठावत होत्या, वरद टेबलाखाली थिजून बसलेला, आणि किल्ली कोणाकडेच नाही. मी पोचले तेव्हा अंधार पडला होता. दार उघडलं तसं पोर येऊन मला घट्ट चिकटलं.

त्यानंतर आम्ही गाडी घेतली. सात सीटांची, टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, मागे पाणी, बिस्किटं, पांघरुणं. जमीन हलली की दारातली किल्ली उचलायची आणि पळायचं. आणि इमारतीतल्या आम्हा चार मराठी घरांनी ठरवलं, प्रत्येकाच्या घराची किल्ली प्रत्येकाकडे. नवरे-बायका टोकियोत अडकले तरी इमारतीत जो असेल त्याने दार उघडून पोरं बाहेर काढायची. वरद आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, पण किल्ल्यांची पद्धत आठ वर्षं चालू राहिली.

त्या चार घरांतलं एक कश्मिराचं, पाचव्या मजल्यावर. आधीचं एक घर भारतात परतलं, त्याच्या जागी ती आली आमच्यात. नोकरी टोकियोत, ओतेमाचीच्या एका बँकेत सॉफ्टवेअरची, नवरा राजीव नागोयाच्या प्रयोगशाळेत, शनिवार-रविवारी येणार. मुलगी सलोनी, तिसरीतली. चार वाजता शाळेतून येते आणि आई येईपर्यंत घरात एकटी. आमच्यातली दिवसा इमारतीत असणारी मी एकटीच, त्यामुळे किल्ल्यांची खरी गरज कोणाला असेल तर ती कश्मिराला.

तर अशा ह्या कश्मिराने काय करावं? सगळ्यांच्या किल्ल्या एका बिस्किटांच्या डब्यात घालून डबा दाराबाहेरच्या, गॅस-पाण्याच्या मीटरच्या कपाटात ठेवला. त्या कपाटाला कुलूप नसतं. तिचं म्हणणं, भूकंपात मी ऑफिसात असले आणि माझंच दार अडकलं, तर बाकीच्यांच्या किल्ल्या आत राहतील ना. पाहिलं तर बरोबर आहे. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर घराचा नंबर मराठी आकड्यांत, म्हणजे जपानी माणसाला कळायला नको. आमचं घर ३०२. आता तुम्हीच बघा लिहून, किती लपतं ते.

आम्ही सगळे दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलो होतो ओजिमाला, ट्रेनने, कारण तिथे पार्किंग मिळत नाही. मी चकल्या नेल्या होत्या. परत आलो तर खालची जागा रिकामी. हरीश म्हणाला, "तू दुसरीकडे लावली होतीस का?" मी म्हटलं, "मला गाडी चालवता येते का?" मग तो मटकन पायरीवर बसला.

पोलीस आले. तरुण पोरगा, फार अदबशीर. दारावर पावडर मारली, फोटो काढले, मग विचारलं, घराच्या किल्ल्या आणखी कोणाकडे होत्या? मी सांगितलं, तीन घरांकडे. त्याचा पेन थांबला. का, म्हणून विचारलं. मी भूकंपाचं सांगितलं. त्याने मान हलवली, तेही पटलं त्याला. तिन्ही घरांकडे जाऊन बघितलं, तर कश्मिराच्या डब्यातून नेमकी आमचीच किल्ली गायब. मग हळूच म्हणाला, पाचव्या मजल्यावरच्या बाईंशी तुमचं काही बिनसलंय का? मी त्याला असं झापलं की बिचारा वाकून वाकून माफी मागत गेला. आमच्यातल्या बाईवर संशय घेतो म्हणजे काय.

पोलीस गेला आणि मी कश्मिराला सोलून काढलं. बाहेरच्यापुढे आपल्या माणसाची बाजू घ्यायची, घरात काय बोलायचं ते बोलायचं, आमच्याकडे असंच असतं. म्हटलं, "डबा भरून किल्ल्या ठेवल्यास, वर दोन फुलं वाहायची राहिली होती फक्त. चोराला पाट मांडून दिलास तू." ती रडत होती. मी म्हटलं, "रडून गाडी येणार आहे का?" मी बोलले ते बोलले. माझी गाडी गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "उल्काताई, आमची किल्ली द्या. आणि आता कोणाचीही किल्ली मी ठेवणार नाही."

"आणि सलोनी?"

"तिला शिकवीन मी."

मी किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. थांब म्हटलं नाही. बाकीच्या दोन घरांनीही आपापल्या किल्ल्या नेल्या. सगळ्यांनी नवी कुलपं बसवली. त्यानंतर जिन्यात कश्मिरा भेटली की मान खाली घालून जायची, आणि मीही हटवादी, पुढे होऊन बोलले नाही.

जानेवारीत एके दिवशी साडेचारच्या सुमारास मी पोहे भिजवत होते आणि जमीन हलली. आधी भूकंपाचा इशारा देत फोन किंचाळला, मग ताटं खणखणली, मग फ्रीज चालायला लागला. बरंच हललं. थांबलं तेव्हा मी दार सताड उघडून चौकटीत उभी होते, हातात पोह्यांची चाळणी. टीव्हीवर सांगत होते, त्सुनामीची भीती नाही, ट्रेन तपासणीसाठी बंद. हरीशचा मेसेज आला, ठीक आहे. लगेच दुसरा आला, कश्मिराचा, दोन-अडीच महिन्यांत पहिला. "उल्काताई, सलोनी घरी एकटी आहे. फोन लागत नाही. मी चालत निघालेय. प्लीज."

लिफ्ट बंद. गुडघ्यांना शिव्या देत मी दोन मजले चढले. बेल वाजवली, दार ठोकलं. "सलोनी, मी आहे गं, उल्कामावशी. दार उघड."

आतून बारीक आवाज आला. "दामे." म्हणजे नाही.

"नाही काय? उघड दार. परत हललं आणि चौकट वाकली तर अडकशील आत."

"ममा म्हणाली दामे. कोणालाच नाही."

"अगं, कोणालाच म्हणजे बाहेरच्यांना, मला नाही. मला ओळखतेस ना तू?"

"मावशीचं नाव घेऊन सांगितलंय."

माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू. माझं नाव घेऊन? ज्या बाईने माझी गाडी घालवली तिने माझ्यावर संशय घ्यावा? तिथल्या तिथे उलटं फिरावं आणि खाली जाऊन पोहे करावेत, असं मनात आलं. पण आत पोर होतं. मी दात आवळून म्हटलं, "असं का म्हणाली गं ममा?"

ती अडखळत, अर्धं जपानीत, अर्धं मराठीत सांगायला लागली. "आमच्या घरातून काही गेलं तर पोलीस येतील ना. मग विचारतील, किल्ली कोणाकडे होती, घरात कोण आलं होतं. मग मावशीचं नाव सांगावं लागेल. मावशीला कोणी चोर म्हणायला नको, ममा म्हणाली."

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. मला खूप रडू आलं. मी तिला नाही नाही ते बोलले होते, आणि ती घरी जाऊन आपल्या मुलीला हे शिकवत होती.

तेवढ्यात परत हललं. आत काहीतरी पडून फुटलं आणि सलोनी किंचाळली. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "बाळा, उघड गं. ममाला काय सांगायचं ते मी सांगते. रागावली तर मला रागावेल."

हलायचं थांबलं. कुलूप खटकन फिरलं, दार चार बोटं उघडलं आणि साखळी ताणली. फटीतून एक डोळा दिसला. भूकंपात घालायला शाळेत देतात ती जाड कापडी टोपी डोक्यावर, पायात बूट, गळ्यातल्या दोरीला घराची किल्ली.

"दार उघडं ठेवायचं, शाळेत सांगितलंय," ती म्हणाली. "कोणाला आत घ्यायचं नाही, ममाने सांगितलंय. आता दोन्ही झालं."

हसू का रडू कळेना मला. मी पायातली चप्पल काढून फटीत घातली, दार मिटायला नको म्हणून. म्हटलं, "शहाणी आहेस. काढू नकोस साखळी. मी बसते इथेच."

"ममा येईपर्यंत?"

"ममा येईपर्यंत."

तिने फटीतून हात बाहेर काढला. बोटं बर्फासारखी गार. मी तो हात धरून बसले, कधी हा हात, कधी तो. ती शाळेतल्या गमती सांगत होती, मला निम्म्या कळत नव्हत्या, मी हुं हुं म्हणत होते. शेजारच्या जपानी आजी डोकावून गेल्या आणि न विचारताच एक उशी आणि गरम चहा ठेवून गेल्या. जेवायच्या वेळेला सलोनी म्हणाली, "मावशी, तू अजून रागावली आहेस का?" मी म्हटलं, "नाही गं. गाडीचं काय, लोखंड ते. तुझ्या ममाला मी नको ते बोलले. माझं चुकलं." ती म्हणाली, "दाइज्योबु." म्हणजे असू दे.

कश्मिरा जिन्यातून आली ती बूट हातात घेऊन, पायांना फोड आलेले. मला दाराशी खाली बसलेली बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत आहे, ठीक आहे," मी घाईने म्हटलं. "साखळी काढली नाही तिने. तू सांगितलंस तसंच वागली."

ती माझ्या शेजारी धपकन बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. साखळी निघाली, सलोनी बाहेर येऊन आईला बिलगली. थोड्या वेळाने मी म्हटलं, "कश्मिरा, किल्ली दे मला तुमची."

"नको ताई. पुन्हा काही झालं तर तुम्हाला..."

"होऊ दे. मी बघून घेईन."

ती तरी मान हलवत राहिली. आम्हा दोघींचं चाललंय तोवर सलोनीने गळ्यातली दोरी काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"अगं, मग उद्या शाळेतून आल्यावर तू घरात कशी जाणार?" मी विचारलं.

"घरात कशाला?" ती म्हणाली. "तुझ्याकडे येईन."