खंडित फ्लॉपीची पूजा

नांदुऱ्याच्या एका बियाणे संस्थेत कॉम्प्युटर आला, तेव्हा स्टेशनावरून त्याला बैलगाडीत गादी घालून आणलं होतं. एवढे लाड कोणी नव्या सुनेचेही करत नाही. त्याच्यासाठी खोली गार केली, दाराला काच लावली आणि चपला काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम सेक्रेटरी भगवानरावांनी काढला.

ते यंत्र चालवता यायचं एकट्या कोकिळेला. पिंपळगाव राजाची ही पोरगी अकोल्याला पंधरा दिवस शिकून आली आणि आठ महिने एकेक गाव टाइप करत बसली. कोणाच्या शेतात कोणतं बियाणं पेरलं, किती उगवलं, कुठे फसलं. एकेका भागाची एक, अशा अकरा फ्लॉप्या भरल्या. बारावी होती यंत्र सुरू करायची. यंत्राला स्वतःची आठवण नव्हतीच, बंद केलं की सारं विसरायचं. जे काय होतं ते त्या काळ्या, चौकोनी, पातळ पाकिटांत. दसरा झाला की बुलडाण्याहून साहेब ही यादी बघायला येणार होते. यादी पसंत पडली तर यंत्र इथेच आणि कोकिळा नोकरीत कायम. नाहीतर यंत्र दुसऱ्या शाखेत आणि कोकिळा घरी.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. खंडेनवमीला भगवानराव म्हणाले, "तराजूची पूजा होते, टाइपरायटरची होते, मंग याचीच काऊन नाई?"

कोकिळेची अट एकच, फ्लॉपीवर हळदीकुंकवाचा कणही पडता कामा नये. त्यावर शिपाई शालूबाईनं तोड काढली. लेकीसाठी घेतलेलं चिकटत्या मोठ्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि बाराही फ्लॉप्यांना एकेक टिकली लावली. लावली ती तरी कुठे? फ्लॉपीच्या कडेला बोटाच्या पेराएवढी खाच असते, बरोबर तिच्यावर, दोन्हीकडून दुमडून.

"हे काय करून ठेवलं व शालूबाई?" कोकिळा कडाडली. "सारा डिंक लागला नं फ्लॉपीले!"

"अवं, कडंले तुटेल हाय ते. खंडित वस्तूची पूजा करतेत का कुठी? म्हणून झाकलं."

"तुटेल नाई ते! कंपनीनंच तसं बनवलं!"

"कंपनीले काय समजते पूजेतलं?"

कोकिळेचं डोकं फिरलं. हाताशी आली ती जळगाव जामोदची फ्लॉपी उचलून तिनं टिकली नखानं खरवडून काढली. दुसरीला हात घालणार तोच भगवानरावांनी नारळ फोडला आणि पूजा सुरू झाली. शालूबाई झाडू घेऊन बाहेर गेली.

"यंत्र बंद ठेवून कुठं पूजा होते का?" कारकून किसनराव म्हणाले आणि त्यांनी भाच्याकडून आणलेली मोटारशर्यतीच्या खेळाची फ्लॉपी, त्यानंच शिकवल्याप्रमाणे घालून यंत्र सुरू केलं. मग भगवानरावांना भक्तीचं भरतं आलं. म्हणाले, प्रत्येक फ्लॉपी एकदा यंत्राच्या तोंडी लागू द्या, नैवेद्य म्हणून. लागल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोकिळा आली तेव्हा किसनरावांचा एक डाव होऊन गेला होता. तिनं त्याच चालू यंत्रात जळगाव जामोद घातलं. पडद्यावर कुठूनसा एक पांढरा ठिपका आला आणि टणाटणा उड्या मारू लागला. ज्या अक्षराला लागायचा ते अक्षर पिकल्या बोरासारखं खाली पडायचं. दुसरी फ्लॉपी घातली, तेच. तिसरी, तेच. कोकिळेनं कपाट उघडलं. ज्यांवरून टाइप केलं ते शेतकऱ्यांचे फॉर्म तर सारे गावोगाव परत गेले होते. कपाटात उरला होता तो फक्त जळगाव जामोदचा गठ्ठा.

"उद्या साहेबाले काय दाखवू, हा चेंडू?" भगवानराव ओरडले.

तिनं अकोल्याला ट्रंक कॉल लावला. यंत्र बसवून देणारे शंकरराव पलीकडून म्हणाले, "व्हायरस हाय तो. खेळाच्या फ्लॉप्यांमधून फिरून राह्यला सध्या. एक फ्लॉपी यंत्राले बाधवते, यंत्र बाकीच्या साऱ्यांले. किती घातल्या त्याच्यात?"

"साऱ्याच."

"मंग गेल्या समज. खाच बंद असती तं वाचल्या असत्या. खाच झाकली की यंत्राले तिच्यावर लिहिताच येत नाई. डब्यात चंदेरी पट्ट्या दिल्या होत्या नं, त्या कशाले होत्या?"

त्या पट्ट्यांनी कोकिळेनं रजिस्टरांच्या फाटक्या कडा चिकटवल्या होत्या. पण ते आठवायला सवड कोणाला? रिसीव्हर लोंबकळत सोडून ती धावली, चपलांसकट, थेट गार खोलीत! यंत्र बंद केलं. किसनरावांची फ्लॉपी भिरकावली. टिकली लावलेली बारावी घालून यंत्र पुन्हा सुरू केलं. मग नांदुरा उघडलं.

अक्षरं जागच्या जागी. ठिपका नाही!

"मलकापूर!" ती ओरडली. "पिंपळगाव राजा! हायेत, सारे हायेत!" बसचा कंडक्टर पुकारतो तशी ती गावं पुकारत होती, आणि भगवानराव दारात उभे राहून प्रत्येक गावाला टाळी वाजवत होते. दहा फ्लॉप्या धडधाकट निघाल्या. मेली ती एकच, जिची टिकली तिनं स्वतःच्या नखानं काढली होती.

कोकिळा व्हरांड्यात गेली. "शालूबाई, मी तुमाले लय बोलली. चुकलं माह्यं."

"बोलली तं बोलली. आता गठ्ठा काढ."

शालूबाई एकेक कागद पुढे करत राहिली, कोकिळा टाइप करत राहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप फाटकात शिरली तेव्हा शेवटचं गाव नव्या फ्लॉपीवर चढलं. पण पाकिटातल्या टिकल्या सरल्या होत्या. कोकिळेनं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि आपल्या कपाळावरची टिकली काढून त्या खाचेवर दाबली.

साहेबांनी यादी मन लावून पाहिली. मग ती टिकल्यांची रांग पाहिली. "हे काय?"

भगवानराव चाचरू लागले. कोकिळा म्हणाली, "ह्या शालूबाईनं लावल्या, साहेब. म्हणून यादी वाचली." आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली, आपण ओरडलो तेही.

साहेब बराच वेळ हसले. मग कागदावर 'यंत्र येथेच ठेवावे' असं लिहून सही केली. कोकिळेला रडू आवरेना. निघता निघता साहेब दारात शालूबाईजवळ थांबले. "बाई, आमच्याही फ्लॉप्यांच्या खाचा उघड्याच आहेत. ह्या टिकल्यांचं पाकीट मिळतं कुठं?"

"बाजाराच्या दिवशी, बांगडीवालीजवळ," शालूबाई म्हणाली. "पण मोठी घ्याजो, साहेब. बारक्या टिकलीनं खाच झाकत नाई."