तंबोऱ्याशेजारची बाटली

मी एक जुनी बाटली आहे मित्रांनो, आणि तीही लाल वाइनची. लगेच नाकं मुरडू नका. तुम्ही मला प्यायचं नाहीये, नुसतं ऐकायचं आहे.

माझं माहेर फ्रान्समधलं, बोर्दो शहराजवळचा मोरिवेलचा द्राक्षमळा. दोनशे वर्षं तो एकाच घराण्याकडे आहे. १९८२ साली तिथे असं काही पीक आलं की मळ्याचे मालक, म्हातारे ओगुस्त, दिवसभर वेलींमधून हिंडायचे आणि जेवायला दहा हाका मारल्या तरी यायचे नाहीत. द्राक्षं हातांनी खुडली. रस आंबवला, मग दीड वर्ष तो लाकडी पिंपात मुरला आणि शेवटी माझ्या पोटात आला. ओगुस्तनी मला अंधाऱ्या तळघरात आडवं निजवलं आणि पंधरा वर्षं हिला कुणी उठवायचं नाही, असं पोरांना बजावलं. आम्हाला आडवंच ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. उभं ठेवलं की बूच सुकतं, हवा आत शिरते आणि सगळा जन्म आंबट होऊन जातो. उकाडा तर आमचा हाडवैरी.

आणि मी येऊन पडले कुठे, तर बहारीनला! याला म्हणतात नशीब.

ओगुस्तची मुलगी मादलेन इथे बँकेत नोकरीला होती, जुफैरमध्ये राहायची. येताना तिनं आम्हा दोन बाटल्यांना सोबत आणलं. एक तिनं धीर न धरता लवकरच उघडली. दुसरी मी. १९९१च्या ऑगस्टमध्ये तिचा एसी बंद पडला. तुबलीत एसीचं वर्कशॉप चालवणारे पुण्याचे हेमचंद्र शुक्रवारची सुट्टी सोडून स्वतः आले, चार तास घामाघूम होऊन खपले आणि एसी चालू करून गेले. तिला इतका आनंद झाला की तिनं मला त्यांच्या हातात ठेवलं. सत्त्याण्णवपर्यंत उघडू नका, एवढंच म्हणाली.

हेमचंद्रांनी मला उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये नेलं आणि शोकेसमध्ये, लेकीच्या बक्षिसांच्या मधोमध, ट्यूबलाइटखाली ताठ उभं केलं. रोज फडक्यानं पुसायचे. मी मनात म्हटलं, संपलं बाई आपलं.

मला वाचवलं ते त्यांच्या बायकोनं, शुभदानं. प्रेमानं नव्हे हं! गौरीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या बायका यायच्या होत्या आणि शोकेसमध्ये दारूची बाटली! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मला जुन्या सुती साडीत गुंडाळलं आणि पलंगाखालच्या लांब पेटीत, आपल्या तंबोऱ्याशेजारी आडवं लोटून दिलं. नवऱ्यानं विचारलं तेव्हा नीट ठेवलीय म्हणाली. पुढे तेही विसरले, तीही विसरली.

आता खरी गंमत ऐका. दर उन्हाळ्यात ही मंडळी दोन महिने पुण्याला जायची. निघताना हेमचंद्र स्वतः सगळे एसी बंद करायचे. रिकाम्या घराला कसली थंडी, हा त्यांचा कायदा. पण बंद घराच्या उकाड्यात तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर? म्हणून खाली टॅक्सी उभी असताना शुभदा दर वर्षी म्हणायची, गॅस बघून येते. वर येऊन बेडरूमचा एसी लावायची. परत आल्यावर पुढे घुसून बंदही तीच करायची. एसीवाल्याच्या घरात सहा उन्हाळे एसी चालला आणि त्याला पत्ता नाही!

१९९७च्या डिसेंबरात ओगुस्त गेले. मादलेनच्या भावांना मळा एका मोठ्या कंपनीला विकायचा होता. कंपनी जुन्या वेली उपटून झटपट वाइन करणार होती. भावांचं म्हणणं, आपली वाइन दहा वर्षांपलीकडे टिकतच नाही, बाबा उगाच जुनं धरून बसले. मादलेनची सही सोमवारी हवी होती. तळघरातलं ब्याऐंशीचं सगळं वाईट वर्षांत विकून झालेलं. जगात तिच्या माहितीची एकच बाटली उरली होती. शुक्रवारी सकाळी ती दारात उभी राहिली, तिनं सगळं सांगितलं आणि चाखून बघायला मला मागितलं.

हेमचंद्रांचा चेहरा पडला. ते मराठीत बायकोला म्हणाले, "सहा उन्हाळे झाले गं. शिजली असेल ती. कुठल्या तोंडानं देऊ हिला?"

शुभदा पुढे झाली. खरं बोललं तर सहा वर्षांचं खोटं बाहेर येणार होतं.

"अहो, बेडरूमचा एसी चालू असायचा," ती म्हणाली. "तंबोऱ्यासाठी. मी गॅस बघायला जात नव्हते. बाटली त्याच्याच पेटीत आहे."

हेमचंद्र तडक बेडरूममध्ये गेले. त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली.

बूच अर्धं तुटलं. तेव्हा चक्क चहाच्या गाळणीनं मला गाळलं आणि सरबताच्या ग्लासात ओतलं. मादलेननं वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मला विचाराल तर पंधरा वर्षांत मी इतकी घाबरले नव्हते. मग तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"बाबांचं खरं होतं," ती म्हणाली. मग शुभदाचे हात धरून तिनं विचारलं, तुम्ही हिला इतकं कसं जपलंत?

शुभदा ओशाळली. "मी जपलं नाही हो. लाज वाटली म्हणून लपवलं होतं."

"माझे भाऊ तर अभिमानानं विकायला निघालेत," मादलेन म्हणाली. "त्यापेक्षा तुमची लाज बरी."

तिनं तिथूनच भावाला फोन लावला आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. पुढच्या सप्टेंबरात नोकरी सोडून ती खुडणीला गेली, ती तिथेच राहिली.

मी आता रिकामी आहे मित्रांनो, पण मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. तुमच्याही घरात आई, आजी, काका काहीतरी सांभाळून ठेवत असतील, कधी मायेनं, कधी नुसतं लोकांना दिसू नये म्हणून. ते काय आहे, आणि त्यासाठी त्यांनी काय काय केलं, हे त्यांना एकदा विचारा. ही माणसं आपणहून सांगत नाहीत.