फाटकावरची वही

तिचं काम ऐकलं की लोक आधी हसायचे. आमची लेक पगार घेऊन खेळते, असं आई शेजारणींना सांगे आणि शेजारणींना उगाच हेवा वाटे. खरं तर ती खेळायला नव्हे, पकडायला जायची.

तिच्या कंपनीचा एक खेळ होता. त्यात कोणीही आपला खासगी सर्व्हर उघडून स्वतःचं गाव वसवावं, ओळखी-अनोळखींना बोलवावं, सगळ्यांनी मिळून घरं बांधावीत आणि कंटाळा आला की भांडावं. सर्व्हरचा खर्च निघावा म्हणून गावाचे मालक थोडेफार पैसे घेत आणि कंपनी त्याकडे काणाडोळा करी. पण हळूहळू काही मालकांना चटक लागली. न मोडणारी तलवार विकायला आली, मग न मरण्याचा हक्क विकायला आला. पोरांनी आईबापांची कार्डं रिकामी केली आणि तक्रारींचा ढीग लागला. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी उंटावरून शेळ्या हाकत एक नियम काढला. टोप्या विका, रंग विका, सगळ्यांकडून सारखं प्रवेशशुल्क घ्या. पण एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही अशी कुठलीही ताकद पैसे घेऊन द्यायची नाही. दिली तर सात दिवसांची नोटीस, आणि तरी नाही ऐकलं तर गाव बंद.

ती टोपणनावाने अशा गावांत शिरायची, पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढायची आणि अहवाल पाठवायची. नियम तिला मनापासून पटला होता. न मरण्याचा हक्क विकणाऱ्यांना तिने अगदी आनंदाने बंद पाडलं होतं.

त्या दुपारी यादीतलं अकरावं गाव निघालं. लहानसंच होतं, कुणा बाईने वसवलेलं. वेशीला मोठं फाटक आणि फाटकात निळ्या टोपीचा एक खेळाडू उभा.

"थांबा. नाव, काम आणि किती वेळ?" त्याने लिहिलं.

तिला हसू आलं. "पाहुणी. बघायला आलेय. अर्धा तास."

"नोंद केली. या आत."

मग निळी टोपी तिला गाव दाखवत चालली. चालता चालता लोकांची उघडी राहिलेली दारं तो एकेक करून लावत होता. कोणाचं कोठार, कोणाचा गोठा, कोणाचं घर. या खेळात दुसऱ्याच्या दाराला हात लावता येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने सवयीने विचारलं, "तुम्हाला कशी काय सगळी दारं लावता येतात?"

"माझ्याकडे गावकिल्ली आहे. गावात एकच आहे."

"मालकिणीने दिली का?"

"दिली कसली! विकत घेतली. दर महिन्याला पेन्शनमधून भरतो."

तिने स्क्रीनशॉट काढला. इतका सरळ पुरावा क्वचित मिळायचा. तेवढ्यात त्याने पुढचं दार लावलं आणि लिहिलं, "दार लावणारा शेवटी जेवतो, पण शांत झोपतो."

हे वाक्य कुठल्या पुस्तकात नव्हतं. लहानपणापासून रोज, घराच्या दाराला कडी घालताना, जगात एकच माणूस हे म्हणायचा. तिने निरोपही न घेता खेळ बंद केला.

बाबा एकतीस वर्षं कागदाच्या कारखान्याच्या फाटकावर होते. मग तिथे आपोआप उघडणारं फाटक आलं आणि त्यांना निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी पाठवलं. पहिलं वर्ष ते नुसते खिडकीशी बसून होते. म्हणून तिने आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. दुपारी जेवण झालं की ते दार लोटून बसत. पत्ते खेळत असतील, असं तिला वाटायचं.

दोन दिवस अहवाल तसाच पडून राहिला. स्क्रीनशॉट पुसला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. पण आदल्याच आठवड्यात एका गावाचा मालक तिच्यापुढे गयावया करत होता, माझ्या गावात फक्त माझे नातेवाईक आहेत म्हणत होता. तिने त्याला सोडलं नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं ती सहकारिणीला चहा पिता पिता म्हणाली होती. आता ओलं स्वतःच्या घरातलं निघालं तर कोणत्या तोंडाने मागे घ्यायचं? मग तिने स्वतःची समजूत घातली. नियम विकण्याविरुद्ध आहे, देण्याविरुद्ध नाही. मालकीण बाबांना किल्ली तशीच देईल, उलट त्यांचे पैसे वाचतील. या हिशेबाचा तिला इतका आधार वाटला की तिने लगेच बटण दाबलं.

चार दिवसांनी ती संध्याकाळी घरी आली तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते आणि लॅपटॉप मिटलेला होता. आईने डोळ्यांनीच 'काही विचारू नकोस' असं खुणावलं.

"किल्ली गेली," बाबा म्हणाले. "गावाची मालकीण दातांची डॉक्टर आहे. बिचारीने आलेली नोटीस मला पाठवली, स्वतः फोन केला. विकता येणार नाही, पण फुकट देते म्हणाली."

"मग घ्या ना, बाबा!"

"नको म्हटलं."

"अहो, का पण?"

"कारखान्याची किल्ली दिलेलीच होती ना? दिलेली होती, म्हणून एका सकाळी परत मागितली. ही मी विकत घेतली होती. म्हटलं, ही तरी कोणी मागणार नाही."

"जन्मभर पगार घेऊन दारं लावली, आता पदरचे पैसे घालून लावत होते," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. एरवी यावर बाबांनी काहीतरी उलटं सुनावलं असतं.

त्यांनी खणातून एक लांबट वही काढली. नाव, काम, आत, बाहेर, सही असे पट्टीने आखलेले रकाने होते. त्या खेळातल्या गावात येणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्यांनी पेनाने या वहीत ठेवली होती. सहीचा रकाना मात्र पानोपान कोराच होता. तिथे सही करणार कोण आणि कशी? तरी तो त्यांनी आखला होता.

"महिनाभरात नवीन माणूस एकच आला," त्यांनी बोट ठेवलं. "पाहुणी. नोटिशीला जोडलेल्या चित्रात माझंच वाक्य आहे, त्याच दिवसाचं. म्हणजे मीच फाटक उघडलं आणि मीच सगळं सांगून बसलो." त्यांनी वहीवरून बोट उचललं. "एकतीस वर्षांत माझ्या फाटकातून चोर आत गेला नव्हता गं. माणूस ओळखता येईना मला. बरोबर केलं कारखान्याने."

तिने कितीतरी वाक्यं तयार ठेवली होती, नियमाची, न्यायाची. ती तिने बाजूला ठेवली. गप्प बसली असती तर सुटली असती. पण मग बाबा उरलेलं आयुष्य स्वतःलाच दोष देत बसले असते, आणि ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही चुकला नाहीत, बाबा," ती म्हणाली. "चोर नव्हती ती. मी होते."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बाबा रागावले असते तर तिला हायसं वाटलं असतं.

"मी आहे हे कधी कळलं तुला?"

"स्क्रीनशॉट काढल्यावर."

"आणि अहवाल?"

"त्यानंतर दोन दिवसांनी."

त्यांनी सावकाश मान हलवली. मग वही तिच्यापुढे सरकवली आणि खिशातलं पेन वहीवर ठेवलं. "बाहेर गेल्याची वेळ राहिलीय. न सांगता गेलीस."

तिने लिहिलं, तीन चाळीस. शेजारच्या रकान्यात सही केली. अख्ख्या वहीतली ती एकच सही. बाबांनी वही जवळ घेऊन ती नीट पाहिली, कारखान्यात पाहायचे तशीच, आणि वही मिटून खणात ठेवली.

"वाढ गं," ते आईला म्हणाले आणि पानावर जाऊन बसले.

घराचं दार उघडंच होतं. ते उठतील म्हणून ती वाट बघत उभी राहिली. त्यांनी पहिला घास घेतला, तेव्हा तिने जाऊन कडी लावली.