छाबुदुओ म्हणजे चालेल

चौकशीला आलेल्या ओमानी अधिकाऱ्याच्या पेल्यात चिनी कंपनीच्या लुओसाहेबांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला आणि इतिहास सुरू केला. सहाशे वर्षांपूर्वी आमच्या बादशहाची जहाजं तुमच्या किनाऱ्याला लागली. रेशीम आणलं, चिनी मातीची भांडी आणली, लोबान नेला, पण कोणाची वीतभर जमीन बळकावली नाही. त्याच्याही कितीतरी आधी तुमच्या या सोहारचे व्यापारी आमच्या कॅन्टनला येत. आपली दोस्ती काही आजची नाही.

कंपनीची दुभाषी मनाली शेजारी उभी राहून एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. तोंड शांतपणे चाललं होतं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली होती. यातलं काही खोटं असतं तर निदान मनातल्या मनात हसता तरी आलं असतं. पण ते सगळं खरं होतं. याच जहाजांच्या गोष्टींपायी तिने पुण्यात कॉलेजात असताना चिनी शिकायला घेतलं होतं. आई म्हणाली होती, जर्मन शीक, नोकरी मिळेल. मनालीने ऐकलं नाही. ती अक्षरं गिरवताना तिला तहानभूक सुचत नसे. आणि आज तीच जहाजं या माणसाने चहाच्या बशीत घालून साहेबापुढे सरकवली होती, अलीमियाँच्या पायावर पांघरूण घालायला.

अलीमियाँ दापोलीकडचे. क्रेनला ओझं बांधून देणारे, म्हणजे कंपनीच्या भाषेत रिगर. गेल्या आठवड्यात त्यांच्या पायावर लोखंडी पाईप पडला आणि डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला. बायको खुदेजा तिकडे गावी. तिला अजून एवढंच सांगितलं होतं की पायाला लागलंय.

त्या दिवशी काय झालं ते मनालीने डोळ्यांनी पाहिलं होतं. डोळ्यांनी कसलं, तिच्याच तोंडून झालं होतं. क्रेनचा कापडी बेल्ट हातात घेऊन अलीमियाँ तिच्याकडे आले होते.

"बाय, साह्यबाला जरा इचार गो. धागे सुटलेत याचे. नवीन बेल्ट स्टोअरमध्ये नाय म्हणतात. याच्यावर पाईप उचलू काय?"

लुओसाहेब गाडीत बसले होते. मनालीने काचेशी जाऊन विचारलं. काच थोडी खाली झाली, गार हवा बाहेर आली आणि तिच्याबरोबर एक शब्द आला. "छाबुदुओ." काच वर.

छा म्हणजे फरक. बुदुओ म्हणजे फार नाही. फार फरक नाही, जमलंच की, चालेल. दार नीट लागत नाही? छाबुदुओ. सिमेंट थोडं कमी पडलं? छाबुदुओ. चिनी लोकांना या शब्दाची स्वतःलाच लाज वाटते. त्यांच्या शहाण्यासुरत्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच या शब्दाला झोडपून काढलंय, आणि तरी तो मेला नाही. मनालीने मागे वळून हाक दिली, "चालेल म्हणतायत, चाचा!" आणि अलीमियाँनी बेल्ट बांधला.

आता कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की रिगरने कोणालाही न विचारता परस्पर पाईप उचलला. तसं ठरलं तर अलीमियाँ एका पायावर घरी जाणार, ते स्वतःच्या चुकीने पाय घालवलेला माणूस म्हणून.

सकाळी एचआरच्या देवेशने तिला बाजूला घेतलं होतं. देवेश डोंबिवलीचा. चिन्यांच्या पाठीमागे त्यांना 'चायना माल' म्हणणारा आणि समोर कमरेत वाकणारा. मनालीला त्याच्या दोन्ही गोष्टींची किळस येई.

"हे बघ, मी तुला फ्रँकली सांगतो. नाव दोघांपैकी एकाचं लागणार. एक तर अलीमियाँने विचारलंच नाही, नाहीतर तू चुकीचं ट्रान्सलेट केलंस. तूच चॉइस कर."

"आणि लुओसाहेब?"

"त्यांचा काय संबंध? अगं, एवढा मोठा प्रोजेक्ट आहे. उगाच इमोशनल होऊ नकोस. आत गेल्यावर साहेब बोलतील तेवढंच ट्रान्सलेट कर. वर्ड टू वर्ड. तुझ्या मनाचं काही घालू नकोस. खलास."

तिने देवेशच्या कानाखाली वाजवली नाही, याचं तिला आता वाईट वाटत होतं. स्वतःचाही राग येत होता. त्या शब्दात तो फरक होता, थोडासा का होईना. तो तिने गाळला होता. उन्हात उभं राहून पुन्हा काचेवर टकटक करायचा कंटाळा केला होता. तिच्या वाटचं खापर तिने डोक्यावर घेतलं असतं. पण सगळंच्या सगळं? आणि ते नाहीतर त्या बिचाऱ्या माणसावर?

इतिहास संपला. अधिकाऱ्याने वही उघडली.

"रिगरने बेल्टबद्दल कोणाला विचारलं होतं का?"

मनालीने प्रश्न चिनीत सांगितला. लुओसाहेबांनी मान हलवली. "मला कोणीही विचारलं नाही."

"ते म्हणतात, त्यांना कोणीही विचारलं नाही," मनाली म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिला नवल वाटलं.

"कामगारांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत कोण पोचवतं?"

लुओसाहेबांनी मनालीकडे बोट केलं. अधिकाऱ्यानेही तिच्याकडे पाहिलं, अरबीत बहीण म्हणून हाक मारली. "उख्ती, मग तूच सांग. तुला त्याने विचारलं होतं?"

देवेश खुर्चीत चुळबुळला. मनालीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो. मला विचारलं, मी यांना विचारलं. हे म्हणाले, छाबुदुओ. मी त्याला सांगितलं, चालेल."

सगळ्या इंग्रजीतून तेवढा एक शब्द लुओसाहेबांना कळला. ते ताडकन उठले. बशीतला चहा टेबलावर सांडला.

"काय सांगतेस तू त्याला? छाबुदुओ म्हणजे चालेल होत नाही! फरक आहे, असं म्हणालो मी! गाडीतून न उतरता मला धागे कसे दिसणार? बघून घ्यायचं काम त्याचं होतं!"

ते थांबले. मनालीनेही श्वास घेतला. आणि मग देवेशने सांगितलं होतं अगदी तसंच केलं. वर्ड टू वर्ड.

"ते म्हणतात, छाबुदुओ म्हणजे चालेल होत नाही. ते म्हणतात, फरक आहे, असं ते म्हणाले होते. ते म्हणतात, गाडीतून न उतरता त्यांना धागे कसे दिसणार, बघून घ्यायचं काम त्याचं होतं."

अधिकाऱ्याचं पेन वहीवर थबकलं. "म्हणजे यांना विचारलं होतं."

मनालीने ते चिनीत सांगितलं. लुओसाहेबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "भाषांतर थांबव."

"ते म्हणतात, भाषांतर थांबव."

"मनाली!" देवेश मराठीत ओरडला. "अगं, वेड लागलंय का तुला?"

"हे मराठीत विचारतायत, मला वेड लागलंय का," मनालीने अधिकाऱ्याला सांगितलं.

अधिकाऱ्याने हात वर केला. "कोणी मधे बोलू नका. तू सांगत राहा."

लुओसाहेब खाली बसले. राग एकाएकी ओसरला आणि खुर्चीत एक दमलेला, वयस्कर माणूस उरला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. साहेबासारखं नाही, घरच्यासारखं पाहिलं, आणि अगदी खालच्या आवाजात बोलले. पेन वाट पाहत होतं. हे एवढं गाळलं असतं तर कोणालाही कळलं नसतं, चौकशीत त्याने काही फरकही पडला नसता.

"ते म्हणतात," ती म्हणाली, "नववर्षाच्या रात्री तुला ताप होता. माझ्या बायकोने तुला स्वतःच्या हाताने भरवलं. आम्हाला मुलगी नाही. तिला मी काय सांगू?"