‘झाय’ म्हणजे ‘म्हणे’

जर्मनच्या सी-वन परीक्षेत किरण लिहिण्यात, ऐकण्यात आणि बोलण्यात पास झाली आणि वाचनात नापास. साठ हवे होते, मिळाले त्रेपन्न.

ती धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. वय एकोणतीस. दीड वर्ष दर रविवारी पहाटेची एसटी धरून ती जळगावला, पिंप्राळ्यातल्या प्रेमराज सरांच्या क्लासला जात होती. निकाल लागला त्या रविवारीही गेली. सरांनी कागद पाहिला आणि परत दिला.

“खालची बी-टू पातळी झालीय ना तुझी? मग बस. जर्मनीतल्या हॉस्पिटलला तेवढंच लागतं. अर्ज भर आणि जा.”

“मला विद्यापीठात जायचंय, सर. नर्सिंग शिकवण्याचा कोर्स करायचाय. त्याला सी-वन लागतं.”

“अगं, वाचन काही क्लासमध्ये येत नाही. ज्यांच्या घरात चार पुस्तकं असतात त्यांना ते जमतं. तुझ्या घरी कोण वाचतं?”

वर्गात बाराएक मुली होत्या. सगळ्या नर्सिंगच्या, कुणी चोपड्याची, कुणी यावलची. सगळ्यांनी माना खाली घातल्या. किरणची आई तानुबाई सहीपुरती अक्षरं गिरवायची, हे सरांना माहीत होतं.

“माझ्या घरी मी वाचते,” किरण म्हणाली. तिनं वही पिशवीत टाकली. “वाचनाचा पेपर पुन्हा देणार आहे, सर. पण इथं येणार नाही.”

परतीच्या एसटीत तिला रडू आलं. पण धुळं येईपर्यंत रडू संपलं होतं आणि राग तेवढा उरला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं सरावाच्या जुन्या पेपरांतल्या चुका एका कागदावर उतरवल्या. सरांची रीत अशी होती, की प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की खूण करायची, समजून घेत बसायचं नाही. बी-टूपर्यंत ही रीत चालली होती. सी-वनला मात्र तीच नडत होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात असायचा, पण भलत्याच माणसाच्या तोंडी. बोलणारा एक, लेखकाचं मत दुसरंच, आणि किरणनं दोघांना एकच धरलेलं. चूक कळली, पण उपाय सुचेना. वाक्य लांबलचक, शेवटापर्यंत जाता जाता कोण बोलत होतं तेच निसटायचं.

मार्च लागला होता. दुपारपाळी असली की सकाळी घराच्या गच्चीवर आई आणि गल्लीतल्या बाया उडदाचे पापड लाटायला बसत. किरणही पोळपाट घेऊन बसायची, शेजारी छापील उतारा ठेवून. एकदा आईनंच विचारलं, “काय वाचस इतकं? आम्हलेबी सांग.”

उतारा वृद्धाश्रमातल्या यंत्रांबद्दल होता. म्हाताऱ्यांना गोळ्यांची आठवण करून देणारी, त्यांच्याशी गप्पा मारणारी यंत्रं. किरणनं अहिराणीत सांगायला सुरुवात केली. यंत्र थकत नाही, चिडत नाही, म्हाताऱ्यांना ते आवडतं...

“थांब,” समोरच्या वच्छलाबाई म्हणाल्या. सत्तरीच्या, लाटणं हातात, नजर पापडावर. “हाई कोन म्हनस? लिखनारा, का यंत्र इकनारा?”

किरणनं पुन्हा कागद पाहिला. “एक बाई म्हणतेय, मावशी. कंपनीतली.”

“मंग तसं सांग ना. यंत्र चांगलं शे, म्हने. ‘म्हने’ लावं नही, तं आम्हले वाटनं तूच म्हनस.”

किरणचा हात लाटीवर थांबला. मूळ जर्मन वाक्यात ‘इस्ट’ नव्हतं, ‘झाय’ होतं. दोन्हींचा अर्थ ‘आहे’. पण ‘झाय’ आलं की ते दुसऱ्याचं बोलणं, लेखक त्याची हमी घेत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातला हा नियम तिनं पाठ केला होता, तक्त्यासकट. पण तो ‘म्हणे’ आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती ‘म्हणे’ तर लहानपणापासून बोलत होती.

“मावशी, तुम्ही रोज ऐकाल का?”

“कान रिकामेच शेतस,” वच्छलाबाई म्हणाल्या.

पुढचे सात आठवडे किरण गच्चीवर, आणि पापड संपल्यावर वच्छलाबाईंच्या ओट्यावर, रोज एक उतारा सांगत गेली. चार दिवसांचा कामाचा आठवडा, शहरातल्या मधमाश्या, शाळेतली परीक्षा बंद करावी की नाही. बायांना अर्धवट सांगितलेलं चालत नसे. लेखकाला नक्की काय वाटतं, हे सांगता आलं नाही तर वच्छलाबाई सरळ म्हणायच्या, “तुलेच समजनं नही.” बहुतेक वेळा ते खरं असायचं.

वेळ हा दुसरा शत्रू होता. पेपर पासष्ट मिनिटांचा, आणि समजून वाचायला तिला पंचाण्णव लागली. मग ऐंशी. मग कितीतरी दिवस बहात्तरवर अडकली. एकदा वैतागून तिनं जुन्या रीतीनं पेपर सोडवला. पन्नास मिनिटांत झाला आणि निम्मा चुकला. तो कागद तिनं फाडून टाकला आणि पुन्हा बहात्तरपासून सुरुवात केली.

परीक्षा पुण्यात होती. तिसऱ्या उताऱ्यात प्रश्नातला शब्द जसाच्या तसा पहिल्या ओळीत दिसला. किरणनं खूण केली नाही. खाली गेली, कोण बोलतंय ते पाहिलं, आणि वेगळ्याच पर्यायावर खूण केली. शेवटचे दोन प्रश्न अंदाजानं सोडवावे लागले.

ऐंशी गुण मिळाले.

पंधरा दिवसांनी क्लासमधल्या एका मुलीनं फोटो पाठवला. पिंप्राळ्यात क्लासच्या दारावर नवा फ्लेक्स, त्यावर किरणचा चेहरा, खाली ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’. किरणनं रविवारी सुट्टी टाकली आणि जळगाव गाठलं.

“ये, ये!” प्रेमराज सर हसून म्हणाले. “पाहिलास ना?”

“पाहिला. तो काढा, सर.”

“अगं, शिकलीस तर इथंच.”

“बी-टूपर्यंत इथं शिकले, ते मी कुणालाही सांगेन. वाचनाचा पेपर मी इथून उठून गेल्यावर पास झाले. माझ्या घरी कोण वाचतं, हे तुम्ही भर वर्गात विचारलं होतं.”

सरांचं हसू गेलं. “काढतो संध्याकाळी.”

“आत्ता काढा. मी थांबते.”

सर उठेनात. तेव्हा किरणनं वर्गातलीच एक खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली, तिच्यावर चढली आणि फ्लेक्सच्या सुतळ्या सोडू लागली. गाठी घट्ट होत्या. आतल्या मुली खिडकीशी आल्या. यावलची एक मुलगी बाहेर येऊन खाली उभी राहिली आणि तिनं फ्लेक्सचं दुसरं टोक धरलं.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “मलाही सी-वन द्यायचंय. सर म्हणतात, नको.”

“मग मोठ्यानं बोल,” किरण वरून म्हणाली, आतल्यांनाही ऐकू जाईल असं. “रविवारी धुळ्याला ये. येताना उतारा आण, आणि तो तुझ्या घरच्या भाषेत सांगायची तयारी ठेव.”