लाल काट्याचं घड्याळ

कालगुरूंनी वाळूनं भरलेल्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा क्रीडामंडळाच्या सभागृहात फक्त पंख्यांची कुरकुर ऐकू येत होती. खुर्च्या कधीच संपल्या होत्या. माणसं खिडक्यांत बसली होती, टेबल टेनिसच्या टेबलावर बसली होती. एरवी याच सभागृहात गळक्या छपरासाठी सभा बोलावली तर तिघं येतात, आणि त्यातला एक झोपायला येतो.

"काळ जात नाही, बाई," कालगुरू माझ्या अक्काला म्हणाले. "काळ रुसतो. आम्ही त्याची समजूत काढतो."

हात बाहेर आला तो रिकामा. सगळीकडून एक उसासा निघाला. शेजारी उभ्या असलेल्या शिष्येनं वाळू पुसायला नॅपकिन पुढे केला. गुरूंनी हात पुसला, डोळे मिटले, हात पुन्हा वाळूत खुपसला, आणि या खेपेला त्यांच्या बोटांत एक मनगटी घड्याळ लोंबत होतं. काळी तबकडी, तिच्या पोटात आणखी दोन छोट्या तबकड्या, कडेला वेळ मोजायच्या दोन कळा, आणि मधोमध लांबलचक लाल काटा.

"यांचंच आहे," अक्का म्हणाली आणि रडायला लागली.

"बांधा मनगटावर," गुरू म्हणाले. "याची टिकटिक आणि तुमच्या काळजाची टिकटिक आजपासून एक. ज्याला काळानं सांभाळलं, त्याला कापाकापी कशाला?"

टाळ्यांनी छप्पर आणखी गळायला लागेल असं वाटलं. मी मात्र टाळी वाजवली नाही. अक्काच्या हृदयाची एक झडप पार बिघडली होती. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, शस्त्रक्रिया लांबवलीत तर एखाद्या जिन्यावरच सगळं संपेल. तारीख ठरली होती, आणि अक्का हटून बसली होती, की यांनी सांगितल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही. 'हे' म्हणजे भावजी. त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती. होड्यांच्या शर्यतीत ते घड्याळ लावून वेळ घ्यायचे. एकदा त्यांची स्वतःचीच होडी उलटली. भावजींचा देह मिळाला, हातातलं घड्याळ मिळालं नाही.

या दुःखाचा वास कालगुरूंना कसा लागला, ते देव जाणे. त्यांना अक्काच्या घराचा वरचा मजला 'काळसाधना केंद्रा'साठी आवडला होता, हे मात्र मीही जाणते. आधी आली ती त्यांची शिष्या, हीच नॅपकिनवाली. मी तिचं नाव गोडबोली ठेवलं. अक्का दुपारची झोपलेली असताना ती माझ्यापाशी बसायची, आमची बिस्किटं संपवायची आणि भिंतीवरच्या भावजींच्या फोटोकडे बघत राहायची. कृष्णधवल फोटो. हात कमरेवर, मनगटावर घड्याळ.

"कित्ती छान घड्याळ होतं हो," ती म्हणायची. "मोठा काटा कुठल्या रंगाचा होता?"

पहिल्यांदा मी विषय बदलला. दुसऱ्यांदा चहा ओतला. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. फोटोत दोन तबकड्या मोजता येत होत्या, केसाएवढ्या बारीक काट्याचा रंग तेवढा कळत नव्हता. घड्याळाची तयारी चालली होती तर.

"लाल," मी म्हटलं. "लालभडक. विसरायचा नाही कुणी."

काटा पांढरा होता.

त्याच संध्याकाळी मी शेजारच्या भिंगवाल्यांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ जुनी घड्याळं जमवतो. बायकोचा वाढदिवस विसरतो, पण कुठल्या साली कुठल्या घड्याळाला सुईसारखा काटा होता आणि कुठल्या साली पानासारखा, ते झोपेतसुद्धा सांगतो. फोटो पाहून ते म्हणाले, "हे आधीचं. दोन छोट्या तबकड्या, काटा पांढरा. पुढे त्याच कारखान्यानं तीन तबकड्यांचं काढलं, त्याला लाल काटा. दोन तबकड्या आणि लाल काटा असं लग्न त्या कारखान्यानं कधी लावलंच नाही."

"कुणी लावलं तर ओळखाल?"

"भिंग काढायच्या आधी ओळखीन."

म्हणून त्या दिवशी मी त्यांना सभागृहात माझ्या शेजारीच बसवलं होतं. टाळ्या ओसरल्यावर मी उठले.

"गुरुजी, जरा हातात घेऊन बघू का?"

"श्रद्धेनं बघा."

"श्रद्धेनंही बघते, चष्म्यानंही बघते."

मी घड्याळ भिंगवाल्यांच्या हातात दिलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मग ओंजळीचा अंधार करून आत डोकावले. "काट्यावरचा रंग अंधारात चमकतोय," ते म्हणाले, "तबकडीवरचे ठिपके मात्र विझलेले. दोघं एका वयाचे नाहीत. सासूच्या तोंडात सुनेचे दात बसवलेत. हा काटा दुसऱ्या घड्याळाचा आहे, याचा मूळचा पांढरा असतो."

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय. कालगुरू मंद हसले. "दुसऱ्या घड्याळाचा नाही, दुसऱ्या लोकाचा. काटा पांढराच होता. पाण्याखाली त्यात त्या पुण्यात्म्याचं रक्त उतरलं."

पुन्हा टाळ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे, उतरणारच." भिंगवाल्यांनी भिंग खिशात घातलं. चुकीचा काटा त्यांना कळतो, पण पुण्यात्म्याच्या रक्तापुढे त्यांचं भिंग काय करणार?

मी अक्कापाशी गेले. घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं. "अक्का, असेलही रक्त. मी काय म्हणते, भावजींनी यावर शर्यतीची वेळ कशी घेतली असती गं?"

"कशी म्हणजे? जशी घ्यायचे तशी."

"या काट्यावर?"

तिनं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे. मग पदरानं नाक पुसून तिनं माईक ओढला. माझ्या अक्कानं जन्मात कधी माईक हातात धरला नव्हता.

"यांना लाल दिसायचं नाही," ती म्हणाली. "काळ्यावर तर मुळीच नाही. माझा लाल स्वेटर यांना काळा वाटायचा. घड्याळ घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं लाल काट्याचं पुढे केलं, तर म्हणाले, मोठा काटा बसवायचा राहिला का? ही माझी बारकी बहीण होती तिथे, पिशवी धरून. मंडळाला कळलं असतं तर वेळ घेण्याचं काम काढून घेतलं असतं, म्हणून आम्ही कधी बोललो नाही."

ती कालगुरूंकडे वळली.

"माझा नवरा मला घड्याळ पाठवेल, तर निदान स्वतःला दिसेल असं पाठवेल."

गोडबोलीचा तोल गेला. "पण तुमच्या बहिणीनंच सांगितलं होतं, लाल म्हणून!"

पहिल्यांदा हसलं ते टेबल टेनिसच्या टेबलावरचं एक पोरगं. मग हसू पसरतच गेलं. गुरू उठायला लागले, तर मी म्हटलं, "बसा हो. माझा चष्मा मागच्या वर्षी हरवला, तोही काढून द्या. फक्त हात आमच्या टॉवेलला पुसा, बाईंच्या नॅपकिनला नको." भिंगवाल्यांनी तेवढ्यात नॅपकिन ताब्यात घेतला होता. त्याला आतून खिसा शिवलेला होता. पहिल्या खेपेला रिकामा हात दाखवायचा, पुसताना खिशातली वस्तू मुठीत घ्यायची, दुसऱ्या खेपेला वाळूतून 'काढायची'. एवढीच ती काळाची समजूत. माझा चष्मा काही निघाला नाही. कालगुरूच मागच्या दारानं निघून गेले.

घरी येताना अक्का फणफणत होती. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं," ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन कर. तारीख तीच ठेवा म्हणावं."

दुःखी माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, त्यात त्याचा दोष नाही. पण शेजारी बसलेल्यांचे डोळे कुणी झाकलेले नसतात. त्यांनी विचारावं, की बाबा रे, हे तुला कुणी सांगितलं? चमत्काराच्या आधी घरात कोण येऊन बसलं होतं, काय काय विचारत होतं, तेही आठवून बघावं. आणि हृदय बिघडलं तर हृदयाच्या डॉक्टरकडे जावं. शस्त्रक्रिया पार पडली, आणि अक्का आता जिना चढते. मध्ये थांबते, श्वास घेते, मला दोन शिव्या घालते आणि उरलेल्या पायऱ्या चढते.